दारातल्या दोन गाड्या

वडोदऱ्यातील आमच्या घराच्या अंगणात दोन मोटारगाड्या उभ्या असतात. एक १९६९ सालची फियाट ११००, माझ्या वडिलांनी घेतलेली. दुसरी बाराशे सीसीची छोटी गाडी, २०२३ मध्ये माझ्या कन्येने बँकेच्या कर्जातून घेतलेली. पहिलीला घरात सर्वजण ‘बाबांची गाडी’ म्हणतात. दुसरीला नुसतेच ‘गाडी’. येणारा पाहुणा पहिलीपाशी हमखास थांबतो, तिच्या टपावरून हात फिरवितो आणि म्हणतो, “काय पत्रा आहे! आता असा माल मिळायचा नाही.” दुसरीकडे तो वळूनही पाहत नाही.

हे वाक्य मीही अनेक वर्षे अभिमानाने उच्चारत आलो. ते कधी तपासून पाहावे असे मात्र वाटले नव्हते. तशी वेळ २०२५ साली आली. ते बाबांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्या निमित्ताने कोल्हापूरजवळच्या आमच्या मूळ गावी कुटुंबाने एकत्र जमायचे ठरले. माझ्या धाकट्या भावाने मोठ्या हौसेने सुचविले की, आपण दोघा भावांनी मुलाबाळांसह बाबांच्याच गाडीतून जावे. सूचना ऐकताच सर्वांचे डोळे चमकले. मी मात्र नकार दिला. सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा महामार्ग, आणि पुढच्या सलग आसनावर आम्हा दोघांच्या मध्ये बसणारी माझी चार वर्षांची नात. हे चित्र मला स्वस्थ बसू देईना. भाऊ दुखावला. म्हणाला, “दादा, तुझ्या त्या नव्या डब्यापेक्षा बाबांची गाडी दसपट मजबूत आहे, हे तूच आम्हाला सांगत आलास ना?”

त्याचे म्हणणे खरे होते. सांगत मीच आलो होतो. म्हणून या दोन गाड्यांची तुलना भावना क्षणभर बाजूला ठेवून करणे मला आवश्यक वाटले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी फियाट, ॲम्बेसेडर किंवा पहिली मारुती ८०० असेल, निदान तिची आठवण तरी असेल. त्यामुळे हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही.

मजबुतीचा गैरसमज

जुन्या गाडीचा पत्रा जाड होता, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, अपघाताच्या क्षणी जाड पत्रा आतल्या माणसाला वाचवितो काय? याचे उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने अत्यंत स्पष्टपणे दिले आहे. तेथील विमा कंपन्यांच्या आधाराने चालणारी ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २००९ मध्ये तिने एकाच कंपनीच्या दोन गाड्या समोरासमोर आणल्या: १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू. दोन्ही गाड्यांच्या वजनात फारसा फरक नव्हता. ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने चालकाच्या बाजूने त्यांची टक्कर घडवून आणण्यात आली. दोन्ही गाड्यांत माणसाच्या जागी मोजमाप करणारे पुतळे बसविले होते.

या प्रयोगाचे चित्रीकरण माझ्या कन्येने मला दाखविले. लांबरुंद, क्रोमने मढविलेली बेल एअर त्या नाजूक दिसणाऱ्या मालिबूचा चुराडा करील, अशी माझी खात्री होती. घडले ते उलटेच. बेल एअरमधील बसण्याची जागाच कोलमडली. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग आत, थेट चालकावर आले. जिवंत माणूस तेथे असता तर तो वाचण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. मालिबूचे नाक पूर्ण चेपले. परंतु चालकाभोवतीचा पिंजरा शाबूत राहिला. त्या चालकाला पायाच्या दुखापतीवर निभावले असते, असा निष्कर्ष निघाला.

याचे कारण समजणे कठीण नाही. क्रिकेटमध्ये वेगाने येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो. हात ताठ ठेवला तर तळव्याला झिणझिण्या येतात आणि चेंडूही निसटतो. मागे नेलेल्या हातामुळे चेंडू थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो आणि तळव्यावरील आघात सौम्य होतो. गाडीचे नाक चेपणे म्हणजे तो मागे नेलेला हात होय. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी ही कल्पना मांडली: गाडीचा पुढचा व मागचा भाग चेपणारा असावा आणि मधला, माणसांचा भाग न चेपणारा असावा. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष उत्पादनात उतरली. त्याच वर्षी व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा सुरक्षापट्टा गाडीत आला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

आमच्या फियाटचे मूळ इटलीतील १९५३ च्या आराखड्यात आहे. म्हणजे हे दोन्ही शोध व्यवहारात येण्यापूर्वीच तिची घडण ठरून गेली होती. तिला सुरक्षापट्टे नाहीत, डोक्यामागे उशी नाही, हवेची पिशवी असण्याचा प्रश्नच नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ, ताठ आणि चालकाच्या छातीकडे रोखलेला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात पाण्यातून गेल्यावर ते काही काळ धरतच नाहीत. बाबांना ते ठाऊक होते. पाण्यातून बाहेर पडले की हलकेच ब्रेक दाबून ते सुकवून घेण्याची त्यांची सवय मला अजून आठवते. तेव्हा ते ताशी पन्नासच्या वेगाने, मोकळ्या रस्त्याने जात असत. आज त्याच रस्त्यावर शंभराच्या वेगाने मालमोटारी धावतात.

नव्या गाडीत या बाबतीत निवड आपल्यावर सोडलेलीच नाही. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा व चालकापुढील एअरबॅग २०१९ पासून नव्या गाड्यांना अनिवार्य झाली. पुढील प्रवाशासाठीच्या एअरबॅगचे बंधन २०२१ मध्ये आले. टकरीच्या चाचणीनुसार गाड्यांना तारे देणारा ‘भारत एनकॅप’ हा आपला स्वतःचा कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सुरक्षापट्टा लावलेला नव्हता. हे आकडे वाचल्यानंतर पट्टाच नसलेल्या गाडीत नातीला महामार्गावर नेण्याचे समर्थन मला करता येईना.

जुनी गाडी टकरीतून स्वतः कमी वाकते आणि आघात आतल्या माणसाकडे पोहोचविते. नवी गाडी स्वतः मोडून घेते. ‘डबा’ म्हणून आपण जिची हेटाळणी करतो तिचे ते मोडणे हाच तिचा गुण आहे.

धूर आणि इंधन

दुसरी बाब इंधनाची. आमची १०८९ सीसीची फियाट शहरात एका लिटरमध्ये जेमतेम दहा-अकरा किलोमीटर चालते. तिच्याहून मोठे इंजिन असलेली, वातानुकूलित नवी गाडी सतरा-अठरा किलोमीटर देते. कार्ब्युरेटर अंदाजाने पेट्रोल मिसळतो. नव्या गाडीतील संगणक हवेचे प्रमाण क्षणोक्षणी मोजून तेवढेच इंधन सोडतो. उरलासुरला विषारी वायू धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बव्हंशी निवळतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनी हे बंधन अधिक कडक केले. फियाट सकाळी चोक ओढून सुरू केली की अंगणात जो वास दरवळतो, तो मला बालपणात नेतो. शेजारच्या दमेकरी आजींना मात्र तो खिडकी लावायला भाग पाडतो. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

शिवाय काळ जुन्या गाडीला अनुकूल राहिलेला नाही. शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. ते योग्यच झाले. परंतु जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा जो आधार मिळत असे, तो गेला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याला टिकत नाहीत. आम्हाला त्या बदलून घ्याव्या लागल्या.

जुन्या गाडीची खरी श्रीमंती

येथवर वाचून कोणास वाटेल की, मी बाबांची गाडी भंगारात काढायला निघालो आहे. तसे नाही. एका बाबतीत ती नव्या गाडीपेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि ती बाब लहान नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात गोध्ऱ्याहून परतताना ती भर रस्त्यात बंद पडली. बाबांनी बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतील ओल रुमालाने पुसली, पॉइंटवरून पॉलिश पेपरचा तुकडा फिरविला आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. दहा-पंधरा मिनिटांत आम्ही पुन्हा मार्गस्थ झालो. बाबा अभियंते नव्हते. शाळेत भूगोल शिकवीत. परंतु गाडीची पुस्तिका त्यांनी वाचली होती आणि त्या गाडीत उघड्या डोळ्यांना दिसणार नाही असे फारसे काही नव्हते. पाणी, तेल, प्लग, फॅन बेल्ट यांकडे दर रविवारी लक्ष देणे हा आमच्या घरचा कुळाचार होता. पुढे बॅटरी, डायनॅमो, क्लच या साऱ्यांची कामे कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनीच केली. छप्पन्न वर्षांनंतरही गाडी चालते, याचे श्रेय पत्र्याइतकेच या उघडेपणाला आहे.

आता नव्या गाडीचा अनुभव सांगतो. एके सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी ओढून कार्यशाळेत नेली. तेथे संगणक जोडून पाहिल्यावर कळले की उंदराने एक तार कुरतडली आहे. तार बोटभर लांबीची. परंतु “संपूर्ण वायरिंग बदलावे लागेल” असे सांगण्यात आले. खर्च काही हजारांत गेला. ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने नंतर बिल पाहून कपाळाला हात लावला. तीच तार जोडून, नीट गुंडाळून देता आली असती, असे त्याचे मत. तो खरा की कार्यशाळा खरी, हे ठरविण्याचे कोणतेच साधन माझ्याजवळ नव्हते. गाडी माझ्या घरची; पण तिच्याविषयीचे ज्ञान मात्र दुसऱ्याच्या कुलपात होते.

ही केवळ माझी तक्रार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात सहज उपलब्ध होऊ न देणे, हे त्यामागील मुख्य कारण होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळही सुरू केले. मोटारगाड्यांचा त्यात समावेश आहे. ही दिशा योग्य आहे. सुरक्षिततेसाठी गाडी गुंतागुंतीची झाली हे मान्य. परंतु गुंतागुंत निराळी आणि लपवाछपवी निराळी. एअरबॅग घरी उघडू नये हे कोणीही मान्य करील. बिघाडाचा सांकेतिक क्रमांक आणि त्याचा अर्थ मालकाला का कळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

दोन पिढ्यांचा हिशेब

बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे हिशेबाचा विषय टाळता येत नाही. त्या काळी मोटारींचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले होते. फियाटसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे थांबायचे, हा सर्वत्र रिवाज होता. बाबांनीही पैसे साठवीत सहा वर्षे वाट पाहिली. वस्तू मिळायला इतका काळ लागला की ती आयुष्यभर जपली जाते. आज सात वर्षांपर्यंतच्या मुदतीचे कर्ज मिळते आणि गाडी काही दिवसांत दारात येते. माझ्या कन्येला त्यासाठी तारुण्याची सहा वर्षे थांबावे लागले नाही, याचा मला आनंदच आहे. पण शाखेत असताना मी एक गोष्ट सतत पाहिली. कर्ज मागणारा तरुण ग्राहक हप्ता किती, एवढेच विचारतो. विमा, देखभाल, टायर, आणि दरवर्षी घटणारी गाडीची किंमत यांचा ताळेबंद तो क्वचितच मांडतो. माझ्या अजूनही सेवेत असलेल्या सहकाऱ्यांना विनंती आहे की, मंजुरीपत्र देताना ग्राहकाशी या विषयावर पाच मिनिटे बोलावे. ‘गाडीला टकरीच्या चाचणीत तारे किती?’ हा प्रश्नही त्यातच विचारावा. गाडीच्या रंगापेक्षा तो अधिक महत्त्वाचा आहे.

जुन्या गाडीच्या मालकांसाठीही दोन शब्द. वाहनप्रेमींच्या काटेकोर व्याख्येत ‘विंटेज’ म्हणजे साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील गाडी. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले खासगी वाहन ‘विंटेज’ ठरते. त्यासाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र क्रमांकमालिका आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. फेरनोंदणीला ५,००० रुपये पडतात. असे वाहन नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज गाड्यांची फेरी, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कारणांसाठीच ते चालविता येते. त्रयस्थ पक्षाचा विमा गाडी कितीही जुनी असली तरी बंधनकारकच आहे. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य मालक व विमा कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते. तेव्हा गाडीची छायाचित्रे आणि दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत.

या नियमांचा मथितार्थ मला फार शहाणपणाचा वाटतो. कायद्याने जुन्या गाडीला हाकलून दिले नाही आणि रोजच्या रहदारीतही ढकलले नाही. तिला मानाची जागा दिली. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्या आमच्या फियाटच्याच वंशातल्या. तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ रास्त होती. निवृत्तीही रास्तच होती. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या गाड्यांचे भव्य प्रदर्शन भरले होते. तेथे संस्थानी वैभवाच्या गाड्या पाहताना माझ्या मनात विचार आला की, सामान्य माणसाने काटकसरीने घेतलेली फियाटही इतिहासाचा तेवढाच महत्त्वाचा पुरावा आहे. तोही कोणी तरी राखला पाहिजे.

आमचा निर्णय

अखेर गावी आम्ही नव्या गाडीने गेलो. नात मागच्या आसनावर, लहान मुलांसाठीच्या स्वतंत्र खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. वाटेत एके ठिकाणी पुढचा ट्रक अचानक थांबला. कन्येने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. गाडी थरथरली, पण सरळ रेषेत थांबली. कोणाला ओरखडाही आला नाही. नात तर झोपेतून जागीसुद्धा झाली नाही. त्या क्षणी मला अंगणातील फियाट आठवली आणि अंगावर काटा आला.

बाबांच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करण्याचे आम्ही ठरविले आहे. ती विकायची नाही. तिची देखभाल मी करतो आणि नातीला शेजारी उभी करून तेलाची पट्टी कशी पाहावी हे दाखवितो. गाडी बंद असताना ती खुशाल स्टिअरिंगमागे बसते आणि हॉर्न वाजविते. मोठी झाल्यावर तिने रोज नव्या, सुरक्षित गाडीतून प्रवास करावा. पण आपल्या घरातील यंत्राचे झाकण उघडून आत पाहण्याची जिज्ञासा तिने या जुन्या गाडीकडून घ्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझ्या भावाला हा निर्णय अद्याप पूर्णपणे पटलेला नाही. मागच्या महिन्यात तो आला, तेव्हा न बोलता फियाटपाशी गेला आणि तासभर तिचे क्रोम पुसत बसला. मी त्याला चहा नेऊन दिला. कप घेताना तो म्हणाला, “दादा, डाव्या बाजूच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे.” मी पंप आणायला आत गेलो.